एका सोटाचा साकव

कातळपाडा कर्जत तालुक्यात. त्याची शेतं आणि स्मशान खालापूर तालुक्यात. मधे ओहोळ. उन्हाळ्यात तो कोरडा, पावसाळ्यात माणूस गिळणारा. म्हणून दर वैशाखात गावकी त्यावर साकव घालायची. घरटी एक माणूस, सबब चालत नसे. ऐनाचा सोट म्हणजे झाडाचं अख्खं सरळ खोड, उचलायला आठ गडी लागत. असे दोन सोट आडवे टाकायचे, टोकं दगडांनी दाबायची, वर चालायला चिवे, म्हणजे बारीक बांबू, बांधायचे. दाबण ढिली राहिली की साकव वाहून जातो. ती दाबण धाकलू बघायचा. खोपोलीच्या कारखान्यात त्याने जन्मभर गोण्या वाहिल्या, पण साकवाच्या दिवशी खाडा ठरलेला.

मग निवडणुकीत सिमेंटच्या पुलाचा शब्द मिळाला आणि गावकीने सोट उचलणं सोडलं. पूल काही आला नाही. कर्जतवाले म्हणत, काम पलीकडच्या हद्दीतलं. खालापूरवाले म्हणत, वस्ती पलीकडची. पाड्यातली निम्मी घरं पनवेल-बदलापूरला गेली. मतदानाला तेवढी येत.

यंदा धाकलूची बायको इंदूबाई अंथरुणाला खिळली. म्हणाली, "अवं, मला आपल्या साकवावरनं न्या. टेंपोत घालून मिरवू नका."

धाकलू दारोदार फिरला. कुणाची ड्युटी, कुणाची कंबर. गावकीचा पुढारी संतोष हसून म्हणाला, "धाकलूदादा, पूल मंजूर हाय. उगा कशाला खपता?"

आला फक्त म्हातारा गोमा. दोघांनी पहारीने ढकलत एक सोट काठाला आणून टाकला. दुसरा जागचा हलला नाही.

इंदूबाई श्रावणात गेली. ओहोळ दुथडी भरलेला. टेंपो चौक गावावरून, हमरस्त्यावरच्या ढाब्यांसमोरून, लांबचा वळसा घेऊन स्मशानात पोचला. तिथे माणसंच माणसं. पनवेलची, बदलापूरची, पाड्यातली. खांदा द्यायला झुंबड उडाली. पुढे संतोष.

धाकलू त्याच्याजवळ गेला. "तिला उचलाया चौघं पुरं हायती," तो हळू म्हणाला. "आठ लागत व्हती तवा कुठं व्हतास रं?"

संतोषने मान खाली घातली. खांदा मात्र काढला नाही.

चिता विझत आली तशी माणसं पांगली. पलीकडच्या काठावर एकटा सोट भिजत पडला होता. त्याच्या मागे धाकलूचं घर, हाकेच्या अंतरावर. तिथे जायला त्याला संतोषच्याच गाडीत बसावं लागलं.