खंडेरावांची मुक्कामी गाडी

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकासाठी शेजारच्या एखाद्या माणसावर लिहा, असं सांगितलं गेलं. मला लिहायची सवय नाही. चुकलंमाकलं तर खंडेराव गांगुर्डे स्वतःच दुरुस्त करतील. त्यांना दुसऱ्याच्या वेळापत्रकातल्या चुका काढायची आवड आहे.

खंडेराव मूळचे सायखेड्याचे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं नाशिकच्या बसस्थानकावर माइकसमोर बसून कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगितलं. निवृत्त होऊन पंचवटीत आमच्याच गल्लीत राहायला आले, पण आवाज तसाच राहिला. सकाळी दूधवाल्याला हाक मारली तरी गल्लीला वाटतं, पेठची गाडी सुटतेय.

त्यांची मुलगी तृप्ती टोरंटोला असते. तिचं पहिलं बाळंतपण भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यात येणार होतं आणि आई हवी म्हणून ती हट्ट धरून बसली होती. खंडेरावांच्या बायकोचा, धोंडाबाईंचाही जीव तिकडेच होता. अडचण त्यांच्या पाठीची. मणक्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, सलग दोन तासांपेक्षा जास्त बसायचं नाही, आडवं पडून मात्र कितीही प्रवास करा. म्हणजे विमानात जिची पलंगासारखी गादी होते अशीच सीट हवी. ती बिझनेस क्लासमध्ये असते आणि तिचा भाव ऐकून माणूसच आडवा पडतो. जावई पैसे द्यायला तयार होता. खंडेराव म्हणाले, "पोरीच्या बाळंतपणाला जायचं आणि जावयाच्या खिशातून? जमायचं नाय."

मग ते मोबाइल घेऊन कामाला लागले. रोज सकाळी आमच्या ओट्यावर बसायचे आणि मुंबईहून निघणारी विमानं धुंडाळायचे. तारीख दोन दिवस पुढं, चार दिवस मागं, कधी मुंबईऐवजी अहमदाबाद. पंधरवडाभर हेच. ट्रॅव्हल एजंट राकेशकडेही जाऊन आले. त्यानं दाखवलेली तिकिटं सगळी झटपट पोहोचणारी आणि महाग.

"काका, स्वस्तातली आहेत, पण मध्ये एकोणीस-वीस तास बसून राहावं लागतं," राकेश म्हणाला. "तसलं कुणी घेत नाही."

"कुणी घेत नाय म्हणून तर स्वस्त!" खंडेराव उठलेच. घरी येऊन त्यांनी मोबाइलवरच्या शोधातली थांब्याच्या वेळेची मर्यादाच काढून टाकली.

तिसऱ्या दिवशी गल्लीत माझ्या नावानं आरोळी उठली. "तात्या, मुक्कामी गाडी सापडली!"

मुंबईहून अदिस अबाबा, तिथं एकोणीस तासांचा थांबा, मग टोरंटो. नेहमीच्या बिझनेस क्लासच्या निम्म्याहूनही कमी भाव. थांब्यात राहायला हॉटेल विमान कंपनीचं.

"एकोणीस तास म्हणजे फार होतात हो," मी भीत भीत म्हणालो.

"तुमच्या-माझ्यासाठी होतात. तिच्यासाठी ते औषध हाय. सहा तास आडवं जायचं, मग हॉटेलात पाठ टेकायची, जेवायचं, झोपायचं आणि ताजं होऊन पुढची गाडी पकडायची. सुरगाण्याला रात्री मुक्काम करणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला मी तीस वर्षं हेच सांगत आलो."

मला पटलं. धोंडाबाईंनाही पटलं. पण त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि तारखेवर बोट ठेवलं.

"अहो, ही तर आवस हाय."

"पोळ्याची आवस. म्हणूनच रिकामं असंल विमान!" खंडेरावांचा हा सिद्धांत होता, खरा की खोटा, मला सांगता येणार नाही.

"मी आवसंला घराबाहेर पाऊल टाकणार नाय. पोरीचं पहिलटकरणीचं बाळंतपण हाय. काही कमीजास्त झालं तर जन्मभर मलाच खाईल."

"अगं, पुढची स्वस्त तारीख तीन आठवड्यांनी हाय. तोवर नातू रांगायला लागंल!"

"तीन आठवड्यांत कोण रांगतं? तुम्हाला पोरांचं काय ठाऊक, तुम्ही तर फलाटावर होता."

हे वर्मी लागलं. खंडेराव उठून आमच्या ओट्यावर येऊन बसले. त्या भावाच्या दोनच सीट राहिल्यात असं मोबाइल दाखवत होता. ते दर पाच मिनिटांनी बघायचे आणि परत मांडीवर पालथा घालायचे.

दुपार कलल्यावर धोंडाबाई हळूहळू चालत आमच्याकडे आल्या. माझी बायको आशा तांदूळ निवडत होती.

"आशाताई, तुमचं घर आमच्या घरापासून कुठल्या अंगाला येतं?"

आशाला काही कळेना. खंडेरावांनी मोबाइलमधलं होकायंत्र काढलं. "नैर्ऋत्य. का गं?"

"मुंबईपण त्याच अंगाला हाय ना? मग मी आवसंच्या तीन दिवस आधी इथं प्रस्थान ठेवते."

हल्ली फारसं कुणी करत नाही म्हणून सांगतो. निघायचा दिवस चांगला नसला, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातलं एक गाठोडं जायच्या वाटेवरच्या घरी नेऊन ठेवतात. प्रवास त्या दिवशी सुरू झाला असं धरतात. एकच नियम, ते गाठोडं परत घरात आणायचं नाही.

"बुक करा," धोंडाबाई म्हणाल्या. खंडेरावांचा अंगठा घाईत दोनदा चुकला, तिसऱ्या वेळी बरोबर ठिकाणी लागला.

ठरल्या दिवशी गाठोडं आलं. एक साडी, खण, सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ. नारळावरून विमानतळावर हुज्जत नको म्हणून खंडेरावांनी तो वगळायला लावला. आशानं गाठोडं देव्हाऱ्याखाली ठेवलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांच्या घरातून मोठा आवाज आला. कपाटं उघडत होती, डबे आपटत होते. मी धावत गेलो. खंडेराव घामाघूम. विमानाचं चेक-इन मोबाइलवर करायचं होतं आणि दोन्ही पासपोर्ट गायब होते.

"माझ्याच हातानं ट्रंकेत ठेवले होते! आता हिला कशी नेऊ मी?"

धोंडाबाई शांतपणे चहा गाळत होत्या. "ते निघाले."

"कोण निघालं?"

"पासपोर्ट. परवाच निघाले. तात्यांच्या देव्हाऱ्याखाली हायेत, माझ्या साडीच्या घडीत."

"गाठोड्यात? अगं, पासपोर्ट का कुणी..."

"ज्याच्यावाचून आपलं अडतं अशी वस्तू प्रस्थानात ठेवावी, असं माझी सासू सांगायची. तुमचीच आई. साडीवाचून माझं कुठं अडतंय?"

खंडेराव आणायला निघाले तशा त्या दार अडवून उभ्या राहिल्या. "निघालेलं सामान परत घरात? मग मी पण नाय निघाले, समजा."

शेवटी आमच्या खोलीत चेक-इन झालं. गाठोडं आशानं सोडलं. खंडेराव आमच्या पलंगावर बसून नंबर मोठ्यानं वाचत होते, बाजूला धोंडाबाई पाठ टेकून पडल्या होत्या, आणि गल्लीतल्या दोघी-तिघी खिडकीतून चौकशी करत होत्या. काम झाल्यावर पासपोर्ट पुन्हा साडीच्या घडीत गेले.

अमावास्येला दुपारी टॅक्सी आमच्या दाराशी थांबली. मागच्या सीटवर उशा रचून धोंडाबाई आडव्या होत्या. आशानं गाठोडं खिडकीतून त्यांच्या हातात दिलं. खंडेराव ड्रायव्हरला कसारा घाटाबद्दल सूचना देत होते. ड्रायव्हर मान डोलावत होता, बहुधा न ऐकता.

तीन दिवस आम्हाला चैन नव्हती. मध्ये अदिस अबाबाहून एक फोटो आला, पांढऱ्या चादरीवर झोपलेल्या धोंडाबाईंचा. मजकूर काही नाही. मग एका सकाळी तृप्तीचा फोन आला. ती हसत होती की रडत होती, कळेना.

"काकू, आई चालत बाहेर आली. स्वतःच्या पायांनी. व्हीलचेअर मागवली होती, पण तिच्यावर बॅगा ठेवून बाबा ढकलत होते."

मागून धोंडाबाईंचा आवाज आला, "आशाताईला सांग, उतरवायची लय घाई केली लोकांनी. मला अजून दोन तास झोपायचं होतं."