घरच्यांची झडती

माझ्या धाकट्या भावाला अख्खा कारखाना 'चिमटा' म्हणायचा, आणि काही चूक म्हणायचा नाही. आमचा तयार कपड्यांचा कारखाना. सुटीच्या वेळी गेटवर उभं राहून बायकांच्या पिशव्या-डबे तपासणं हे त्याचं काम. दोऱ्याचं रीळ निघेल म्हणून उरलेली भाजीसुद्धा चमच्याने ढवळायचा, मेला!

मी तिथेच, काजं-बटणांवर. सख्खी बहीण म्हणून सूट? नाव नको! माझी पिशवी सगळ्यांदेखत दोनदा उपडी करायचा. वर म्हणायचा, "घरच्यांना आधी तपासायचं, ताई. त्यांच्यावर कुणाला संशय येत नाही." जळलं ते शहाणपण! मी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

मग त्याला शौचातून रक्त जायला लागलं. हा आपला 'मूळव्याध आहे' म्हणत अंगावर काढत बसला. शेवटी भावजय माझ्याकडे येऊन रडली, तेव्हा मी त्याला ओढतच दवाखान्यात नेला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन लवकर करू, नंतर शौचासाठी पोटाला पिशवी लागेल. झालं! हा भडकला. "पिशवी लावून गेटवर उभा राहू? त्यापेक्षा मेलेला बरा." अंगातली प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध निघालंय म्हणे, तेच द्या, म्हणून अडून बसला.

"ते तुम्हाला लागू पडणार नाही," बाई म्हणाल्या. "कॅन्सरच्या पेशी तुमच्याच अंगातल्या. प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी जवळ आल्या की ह्या 'आम्ही घरचेच' अशी खूण दाखवतात, पहारा मागे फिरतो. औषध ती खूण झाकतं. पण तुमच्या प्रकारच्या गाठीत पहारेकरी मुळात शिरतच नाहीत."

"घरचे म्हणून सोडलं?" चिमटा असा ओरडला की बाहेरची माणसं आत डोकावली. "बिनकामाचे पहारेकरी, लेकाचे! कापा. पिशवी लावा, काय हवं ते लावा, पण त्या चोरांना बाहेर काढा."

ऑपरेशनला नेताना त्याने बाईंना दरडावलं, "नीट तपासा. एकही सुटता कामा नये."

"दिसेल तेवढं काढू," बाई म्हणाल्या. "एखादी पेशी सुटली असेल, तर ती आम्हालाही दिसत नाही."

त्याचा चेहरा पडला. त्याने गपकन माझा हात धरला. "ताई, तू इथेच थांब."

"थांबते, मेल्या. जाणारेय कुठे?" मी खेकसले.

तो हात सोडेना. शेवटी नर्सने त्याचं एकेक बोट सोडवलं.