लाल चिंधीचं तवसं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगते आहे, तेही मला नेमकं उमगलेलं नाही.

वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असताना मी दर रविवारी वर्तकनगरहून सायकलने बाळकुमला जायचे, हिरामावशींच्या वाडीवर. खाडीलगतच्या मातीत त्या एक आखूड, पांढुरकं तवसं पिकवत. काकडीच ती, पण किंचित खारट. हा वेल आता केवळ आपल्याकडेच उरला, असं त्या सांगत. ते विकत घेऊन, घरी सर्वांना खाऊ घालून, आपण एक वाण जगवतो आहोत असं मी मिरवत असे.

मिरवत असे — पण विश्वास होता का? बाजारातली काकडी ‘गावठी’ म्हणून गळ्यात मारणारे मी कल्याणला पाहिले होते. मावशीही त्यांतल्याच नसतील कशावरून? पाटीतली फळं बाहेरून आणलेली नसतील कशावरून?

खात्रीचा नमुना एकच — वेलावरचा. त्या वर्षी कीड पडली होती, मागचं बी संपलं होतं. वेलावर एकच फळ उरलं होतं आणि त्याच्या देठाला लाल चिंधी होती. चिंधीचं फळ बियाण्याचं. वेल सुकेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नसतो. हे मला ठाऊक होतं.

मी ते तोडलं.

पुढच्या रविवारी वाडीत कलकलाट. “बियाचा तवसा कोनी तोरला गो?” मावशी विचारत होत्या. शेजारीण हसली, “सुनेला इचार! पोटातल्यानी मांगला असंल.” सून सुलभा तेव्हा पोटुशी होती. सगळ्या हसल्या, मावशी हसल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. “शिकल्याली पोर तू, खोटा नाय बोलनार. तू काय बगलंस?”

मी म्हणाले, “सुलभावहिनी वेलापाशी उभ्या दिसल्या होत्या.”

शब्दशः खोटं नव्हतं — ती रोज पाणी घालायला तिथे उभी राहायचीच. अशी वाक्यं मला चांगली रचता येतात.

“नाय गो आये, मी नाय खाल्ला,” सुलभा म्हणत राहिली. कुणी ऐकलं?

तवसं खरोखर वेगळं होतं. बिया मात्र कोवळ्या, कागदासारख्या चपट्या. ओल्या टिपकागदावर मांडल्या. एकही रुजली नाही. पुढच्या पावसाळ्यात वाडीवर तो वेल नव्हता.

आता दुर्मीळ वाणांवर मी व्याख्यानं देते — लावा, विकत घ्या, खा, म्हणजे टिकतील. बाळकुमलाही जाते. सुलभाची मुलगी शाळेत जाते. सुलभाला खरं ठाऊक असेल का? तिची नजर मी अजूनही तपासत असते — संशय घ्यायचा अधिकार जणू माझाच.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे जेवायला होते. काकडीची कोशिंबीर सुलभापाशी आली, तसा तिने ताटावर हात आडवा धरला. इतक्या वर्षांनंतरही मावशींनी तिच्या ताटाकडे पाहिलं.

मीही पाहिलं. आणि माझ्या पानातली कोशिंबीर संपवली.