एकादशीला चॉकलेट चालतं का?

ढुंढिराज गायधनींच्या आजोबांची त्र्यंबकला भिक्षुकी होती. खुद्द ढुंढिराजांनी मात्र एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर लक्ष ठेवण्यात नोकरी संपवली आणि निवृत्तीनंतर ते इंदिरानगरमधल्या एका सोसायटीत राहायला आले. आडनाव ऐकून शेजाऱ्यांनी परस्परच त्यांना शास्त्री ठरवून टाकलं. "काका, उपासाला कोथिंबीर चालते का हो?" असं कुणीतरी लिफ्टमध्ये विचारलं, तेव्हा त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवल्यासारखे केले आणि म्हणाले, "आपल्याकडे नाही चालत." डोळे मिटण्याचा परिणाम असा झाला, की पुढे सोसायटीत त्यांना विचारल्याशिवाय साबुदाणासुद्धा भिजेना.

त्यांच्या पत्नी उत्तराबाईंना याचं हसू यायचं. त्या स्वतः एकादशीला चहा आणि केळ्यावर दिवस काढायच्या आणि कुणाला काही विचारायच्या नाहीत. ढुंढिराजांना मधुमेह निघाल्यापासून घरातली साखर कुठे असते, हे फक्त उत्तराबाईंनाच माहीत होतं.

दुसऱ्या मजल्यावरची तेजश्री घरी चॉकलेटं बनवून विकायची. सात जुलैला जागतिक चॉकलेट दिन असतो, हे तिनेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. त्या वर्षी सात तारखेला सोमवार आला. सोमवारी सगळे ऑफिसला, म्हणून रविवारीच क्लबहाउसमध्ये साजरा करू, असं ठरलं. फुगे आले, बॅनर छापून झाला आणि मग कुणीतरी कॅलेंडर पाहिलं. रविवारी आषाढी एकादशी.

तेजश्री धावत ढुंढिराजांकडे आली. "काका, अर्ध्या सोसायटीचा उपास आहे. माझा माल तयार आहे. चॉकलेट उपासाला चालतं का?"

ढुंढिराजांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे शास्त्र काही आलं नाही. बदामाचं, वर चकाकणारं, जिभेवर ठेवताच विरघळणारं चॉकलेट मात्र आलं.

"कोको हे झाडाचं फळ," ते सावकाश म्हणाले. "दूध चालतं, साखर चालते. म्हणजे हा फलाहारच झाला."

"काका, तुम्ही देव आहात!" तेजश्री म्हणाली. "उद्घाटन तुमच्याच हस्ते करायचं."

आत उत्तराबाई भगर निवडत होत्या. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ताटात मान घातली.

रविवारी क्लबहाउस खच्चून भरलं. ज्यांनी आजवर कधी एकादशी केली नव्हती, त्यांनीही फलाहाराची बातमी ऐकून ती धरली होती. ढुंढिराज रेशमी कुर्ता घालून आले. टाळ्यांच्या गजरात त्यांनी चॉकलेटची भलीमोठी वडी कापली, पहिला तुकडा उचलला, आणि तो तोंडाजवळ पोचायच्या आत उत्तराबाईंनी हातातून काढून घेतला.

"यांना साखर आहे," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "निर्णय देतील, खाणार नाहीत."

लोक कौतुकानं हसले. "काय निग्रह आहे काकांचा!" असंही कुणी म्हणालं. ढुंढिराजांना तोंडावर तेज आणावंच लागलं.

ताटल्या फिरू लागल्या, तेवढ्यात कोपऱ्यातून सोसायटीचा सेक्रेटरी नवनाथ ओरडला. तो देवळा गावचा, उपासाच्या भानगडीत कधी न पडणारा. तेजश्रीने वितळवायला आणलेल्या चॉकलेटच्या लादीचं रिकामं पाकीट त्याच्या हातात होतं.

"अहो, यात सोया लिहिलंय! सोया म्हणजे कडधान्य. लय घोळ झाला की! मोडला ना सगळ्यांचा उपास?"

सगळ्यांचे जबडे जागच्या जागी थांबले. तेजश्रीचा चेहरा उतरला. शंभरेक डोळे ढुंढिराजांकडे वळले. त्यांनी डोळे मिटले, आणि या वेळी आत काहीच दिसेना. ना शास्त्र, ना बदाम. वीजकेंद्रात दाब एकाएकी चढला की छातीत जसं व्हायचं, तसं होऊ लागलं.

"पाकीट कुणी वाचलं?" उत्तराबाईंनी विचारलं.

"मी," नवनाथ म्हणाला.

"मग तू खाऊ नकोस. आम्ही कुठे वाचलंय?"

क्लबहाउसभर जबडे पुन्हा चालू झाले. नवनाथ तेवढा हातातली ताटली खाली ठेवून उभा राहिला. नवऱ्याच्या हातातून काढलेला तुकडा अजून उत्तराबाईंच्या बोटांत होता. त्यांनी तो सहज तोंडात टाकला. घरात गोड आणायचं नाही म्हणून कैक वर्षं त्यांनीही चॉकलेट खाल्लं नव्हतं. त्यांचे डोळे आपोआप मिटले.

"चालतं?" ढुंढिराजांनी हळूच विचारलं.

"गप्प बसा जरा," त्या तोंड भरलेलं असतानाच म्हणाल्या आणि आणखी एक तुकडा घेतला.

घरी परतताना ढुंढिराज रुसले होते. उत्तराबाईंनी त्यांना साखर न घातलेला चहा केला, सोबत केळं दिलं.

पुढच्या चतुर्थीला दारावरची बेल वाजली. ढुंढिराजांनी शर्ट नीट केला, घसा साफ केला आणि दार उघडलं. बाहेर तेजश्री उभी होती, हातात आइस्क्रीमचा डबा.

"काका, उत्तराकाकू आहेत का?"