उसना कोट आन् वजीफ्याची वाढ

मला नौकरी लागली ती गळ्यामुळं. अक्कल कुणी इचारली न्हाई, बरं झालं. बाप मेंढरं राखायचा, मी बी राखायचो. या माळावरून त्या माळावरच्या मेंढराला हाका मारून मारून गळा नगाऱ्यावाणी झाल्ता. एक डाव आष्टीच्या बाजारात माझं कोकरू हरवलं आन् मी बोंबलत फिरत होतो. तालुक्याच्या कचेरीतला साहेब तिथं आल्ता. तो म्हणला, "ये आदमी चिल्लाता बराबर है." झालं. कोकरू काही घावलं न्हाई, पण मला सरकारी नौकरी घावली.

कमरेला पट्टा, पट्ट्याला पितळी बिल्ला, डोक्याला लाल फेटा, आन् मी कचेरीच्या दारात उभा. पेशकार, म्हणजे साहेबाचा कारकून, आत कागदावरचं नाव वाचायचा, मी बाहेर येऊन पुकारा करायचो, "अमका वल्द तमका, हाजिर हो!" कचेरी सगळी उर्दूत चालायची आन् मला उर्दू काय, मराठी बी वाचता येत न्हवती. ऐकलेलं नाव दारापोतर येईस्तोवर तोंडात निम्मं मोडून जायचं. एकदा मी एका मयत माणसाला तीन डाव पुकारलं. येईना म्हणून चौथ्या डावाला शिवी हासडली. त्याची बायको समोरच लिंबाखाली बसल्ती. आत साहेब हासला, पेशकार हासला, मंग मी बी हासलो. बाई हासली न्हाई, पण तिच्याकडं कोण बघतं?

साहेबाला हासवलं की दिवस चांगला जातो, येवढीच इद्या मी त्या कचेरीत शिकलो.

पुकाऱ्याशिवाय आणखी एक काम मी आपल्याच मनानं धरलं होतं. दारात येणाऱ्याचे कपडे बघायचे. साहेबाला मळकं चालायचं न्हाई, आन् मळका माणूस आत गेला तर बोलणी मला बसायची. एकदा एका मयत शिपायाची म्हातारी बायको मदतीची अर्जी घेऊन आली. लुगड्याला इतकी ठिगळं की मूळचं लुगडं कोणतं तेच कळंना.

मी म्हणलो, "म्हातारे, सरकारपुढं असं जातेत का? जा, कुणाचं तरी चांगलं नेसून ये."

"दुसरं न्हाई रं बाबा."

"उसनं घे की. गाव मेलं का तुझं?"

म्हातारी गेली, आन् दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी हिरवंगार काठाचं लुगडं नेसून आली. साहेबानं वर बघितलं, खाली बघितलं, आन् अर्जी बाजूला सारली. परत जाताना म्हातारी मला म्हणली, "लुगडं द्यायला जाते बाबा." मला काही कळलं न्हाई. मी आपला मिशीत हासत होतो, की बघा, आपल्या सांगण्यानं कशी नीटनेटकी आली.

सव्वीस वर्सं पुकारलं. मंग गळा बसला. एक दिवस नाव घेतलं तर बेडकाच्या पिल्लावाणी आवाज निघाला, आन् सरकारनं मला घरी बसवलं. घरी बसून महिन्याला जे मिळायचं त्याला वजीफा म्हणायचे. माझा वजीफा सहा रुपये हाली. हाली म्हणजे आपल्या राज्याचा रुपया, इंग्रजाच्या कलदाराहून हलका. गावात मात्र लोक मला सरकार म्हणायचे. मी बी छाती काढून चालायचो. पोरबाळ न्हवतं. मी आन् माझी बायको, दोन जीव. सहा रुपयांत दोघं पोटभर जेवून वर बारक्याबारक्या बढाया मारायचो.

मंग लढाई सुरू झाली. लढाई कुठं होती ते मला आजून माहीत न्हाई, पण ज्वारी आमच्या गावात महागली. आदी रुपयाची ज्वारी घरी आणायला गोणी न्यावी लागायची. नंतर धोतराच्या सोग्यात मावायला लागली. रॉकेल दिसंना, कापड दिसंना. वजीफा तेवढा जिथल्या तिथं. तो आन् मी, दोघंबी घरी बसलेले.

त्या वक्ताला माझी बायको देवाची लई झाली. आदी फकस्त सोमवार धरायची. मंग गुरुवार लागला, मंग शनिवार. मी चावडीवर सांगायचो, "आमच्या घरी आठवड्यात आता माणसाला चारच वार उरले, बाकीचे देवानं नेले." लोक हासायचे. मी घरी येऊन तिला ते सांगायचो, तीबी तोंडाला पदर लावून हासायची. उपासाच्या दिवशी मी भाकर खायचो आन् ती समोर बसून वाढायची. भगर न्हाई, शेंगादाणे न्हाई, नुसतं पाणी. मी म्हणायचो, "लई कडक उपास गं तुझा." ती म्हणायची, "कडक केला की लवकर पावतो."

असंच एक साल गेलं आन् कचेरीतून खबर आली. गरानी लई वाढली म्हणून, गरानी म्हणजे महागाई, बारक्या वजीफेवाल्यांना दर सालाला थोडी वाढ मिळणार. पण सगळ्यांना न्हाई. साहेब माणसाला समक्ष बघणार, आन् ह्याचं खरंच भागत न्हाई असं त्यानं कागदावर लिहिलं तरच. आमच्या गावात वजीफेवाले दोघं, मी आन् एक म्हातारा नाकेदार. त्याचे दोन बैल, विहिरीवर चार बिघे बागायत.

मी घरी आलो आन् बायकोला म्हणलो, "आता तुझा शनिवार सोडवतो बघ."

ती म्हणली, "सरकारपुढं जायचं तर असे जाऊ नका बाई."

"मंग कसा जाऊ?"

"माणसावाणी जावा. तुमीच तर सांगायचे लोकाला."

आता सव्वीस वर्सं ज्या दारात मी लोकांचे कपडे बघितले, त्या दारात मी फाटकं नेसून कसा जाणार? दोघांच्याबी डोक्यात ते आलंच न्हाई. बायको पटवाऱ्याच्या घरी गेली आन् त्याचा काळा कोट मागून आणला. फुकट न्हाई. पटवाऱ्याच्या बायकोचं दोन दिवस दळण दळून दिलं. त्यातला एक गुरुवार होता. संध्याकाळी ती हात दाबत बसली तर मी काय म्हणलो? "कोटाला बटनं चार का पाच, बघितली का?"

लग्नातला फेटा पेटीतून काढला. जायच्या दिवशी सकाळी मिशीला पीळ द्यायला घरात तेल न्हवतं. देवाच्या कोनाड्यात वाटीच्या बुडाला बोटभर तूप होतं, दिव्यासाठी ठेवलेलं. ते मीच काढलं. बायको म्हणली, "अवं, देवाचं हाये."

मी म्हणलो, "देवाचे तीन वार हायेत, तूप तरी माझं असू दे."

कचेरीच्या लिंबाखाली नाकेदार बसल्ता. अंगात फाटकी बंडी, पायात काही न्हाई, दाढी वाढलेली, हातात काठी. मला लाज वाटली त्याची. मी कोटाची बाही झटकून म्हणलो, "नाकेदार, काय हे? साहेबापुढं असं येतेत का?"

तो खोकला. म्हणला, "काय करावं, गरिबी हाये."

"घरून उसनं आणायचं की."

त्यानं माझ्याकडं खालून वर बघितलं. "तू आणलं का?"

"मला काय धाड भरली?" मी म्हणलो. "माझाच हाये."

पुकारा झाला. माझ्या जागी नवा माणूस होता, त्यानं माझं नाव बराबर घेतलं, त्याचाबी मला राग आला. आत गेलो. साहेब नवा, पेशकार जुनाच. पेशकारानं मला बघितलं आन् डोळे बारीक केले. मला वाटलं, कोट आवडला.

साहेब म्हणला, "क्यों जी, दूल्हा बन के आए?"

सगळे हासले. मला काय बरं वाटलं! किती वर्सांनी त्या खोलीत माझ्यामुळं हासू आल्तं.

"गुजारा कैसा होता?"

मी तोंड उघडलं. रस्त्यानं सगळं पाठ करत आल्तो. ज्वारी सांगायची, कापड सांगायचं, बायकोचे वार सांगायचे. पण तेवढ्यात साहेबानं माझ्या मिशीकडं बोट केलं. "ये मूँछ पर क्या चमक रहा है?"

आता बोलायचं न्हवतं. पण माझ्या जिभेला हाड न्हाई, ते बापानंबी सांगितल्तं.

मी म्हणलो, "घी, हुजूर. पेट में जगा नहीं बची, तो ऊपर लगा लिया."

साहेब असा हासला की त्याची टोपी सरकली. पेशकार तेवढा हासला न्हाई. तो वाकून काहीतरी सांगाया लागला, पण साहेबानं हात केला, कागदावर दोन शब्द लिहिले आन् मला म्हणला, "जाओ, मजे करो."

मी सलाम ठोकला आन् उलट्या पावलांनी बाहेर आलो. नाकेदाराच्या पाठीवर थाप मारली. "साहेब चांगला हाये, घाबरू नको." रस्त्यानं घरापोतर गाणं म्हणत आलो, बेडकाच्या आवाजात. बायको दारातच उभी होती. मी म्हणलो, "वाढ झाली समज. साहेब खूष झाला."

"काय इचारलं?"

"इचारलं काय, दोस्तीच झाली."

तिनं कोट झटकला, घडी घातली आन् लगेच पटवाऱ्याच्या घरी नेऊन दिला. पुढच्या महिन्यात वाढ येणार म्हणून तिनं तो शनिवार धरला न्हाई. आमी दोघं समोरासमोर बसून जेवलो. ती किती जेवली ते मी बघितलं. बघायला नको होतं. एवढी भूक मी जत्रेतल्या पैलवानात बी बघितली न्हवती. तरी मला वाटलं, उपास सुटला म्हणून आसंल.

महिन्यानं वजीफा घ्यायला गेलो तर सहाच रुपये. पेशकाराला म्हणलो, "पेशकारसाहेब, मोजायला चुकलात."

त्यानं मला बाजूला घेतलं. "मियाँ, तुम्हारे कागज पे क्या लिखा है, मालूम?" आन् त्यानं वाचून दाखवलं. "खुशहाल. मोहताज नहीं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तू मजेत हायेस. तुला गरज न्हाई." आता तो मराठीतच बोलत होता, हळू, कुणी ऐकू नये म्हणून. "अरे येड्या, इतकी वर्सं दारात होतास. आत काय चालतं ते तुला कधी कळलंच न्हाई का?"

तवा मला ती म्हातारी आठवली. हिरवंगार काठाचं लुगडं. लुगडं द्यायला जाते बाबा.

नाकेदाराला दोन रुपये वाढ झाल्ती. त्यानं मला तिथंच तंबाखू दिली. मी घेतली बी.

बायकोला सांगितलं, साहेबाकडून चूक झाली, पुढल्या साली होईल. तिनं शनिवार पुन्हा धरला.

पुढल्या साली मी शहाणा झालो. कोट न्हाई, फेटा न्हाई. आठ दिवस दाढी केली न्हाई. बंडी फाटकी होतीच, आता फाडायची गरज न्हवती. पायात काही घातलं न्हाई. गाल आपोआप बसल्ते. नाकेदारावाणी काठी घेतली आन् त्याच्यावाणी खोकलो बी. पण या डावाला साहेब तिसराच होता, आन् त्याच्यापुढं माझा मागच्या सालचा कागद. त्यानं कागद बघितला, मला बघितलं.

"पिछले साल खुशहाल, इस साल कंगाल? नाटक करते?"

मी म्हणलो, "न्हाई हुजूर, नाटक मागच्या साली केलं होतं."

खरं बोललो. आयुष्यात त्या खोलीत येवढंच खरं बोललो, आन् त्यालाच सगळे जास्ती हासले. साहेब बी हासला. पेशकार खिडकीबाहेर बघत राह्यला.

घरी आलो तवा ऊन उतरत होतं. बायको जात्यापाशी बसल्ती. दळत न्हवती, नुसतीच खुंट्याला धरून बसल्ती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मीच म्हणलो, "न्हाई झालं."

मंग म्हणली, "मंग बुधवार बी धरते."

मला हासू आलं. सवय. मी म्हणलो, "बुधवारी कोणता देव असतो गं?"

तिनं जात्याच्या तोंडातले दोन दाणे बोटानं काढले, तोंडात टाकले आन् म्हणली, "आसंल कोणता तरी."

तिच्या हाताची हाडं मला तवा दिसली. मनगटातली बांगडी कोपरापोतर सरकल्ती. सोमवार, गुरुवार, शनिवार. एकाएकी सगळे वार माझ्यापुढं उभे राह्यले, आन् एकाबी वारात देव न्हवता. माझी भाकर होती.

ती उठली, भिंतीला धरून. चुलीवरून भाकर काढली. एकच होती. ताटात ठेवून माझ्यापुढं सरकवली. मी मोडून अर्धी तिच्याकडं केली.

"आज गुरुवार हाये," ती म्हणली.

मी म्हणलो, "खा गं."

"गुरुवार हाये. धरलेला मोडत न्हाई मी. तुमी खा."

आता इथं मी काहीतरी चांगलं केलं असं सांगितलं असतं तर ऐकणाऱ्याला बरं वाटलं असतं. ताट ढकललं, रडलो, तिच्या तोंडात घास घातला. पण मी दिवसभर अनवाणी चालून आल्तो आन् भाकर गरम होती. पहिली अर्धी खाल्ली. मंग तिची म्हणून ठेवलेली अर्धी ताटात पडली होती. ती समोर बसून माझ्याकडं बघत होती, हासत बी होती जरा.

ती बी मीच खाल्ली.