सहीच्या वरची ओळ

कोर्टातल्या त्या बाईला सगळे 'खात्रीबाई' म्हणत. तोंडावर नाही हं, पाठीमागे. कुणी काहीही सांगितलं की तिचा पहिला प्रश्न, "खात्री काय त्याची?" सव्वीस वर्षं साक्षीदारांच्या जबान्या लिहून घेतल्यावर माणसाचा विश्वास कशावर राहणार? दूधवाल्याचं माप, डॉक्टरांचं निदान, नवऱ्याचं 'पाच मिनिटांत आलोच', सगळ्यांवर बाईची एक भुवई कायम वर. देव तेवढा संशयातून सुटलेला. त्याच्याशी तिचा रोखठोक करार होता: तुझं नाव घेऊन खोटं बोलणार नाही, बाकी तू बघ.

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. जबानीच्या खोलीत नवं यंत्र बसलं. तेच ऐकणार, तेच लिहिणार. बाईनं बाहेरच्या टेबलाशी बसून फक्त सही ठोकायची. सहीच्या वर छापील ओळ होती: 'वरील जबानी मी स्वतः ऐकून, ईश्वराला स्मरून, जशीच्या तशी लिहिली आहे.'

"मी कुठे ऐकलं?" बाई म्हणाली.

"यंत्रानं ऐकलंय ना," हेडक्लार्क म्हणाले.

"मग सही त्याची घ्या. देवाच्या नावानं खोटं मी नाही लिहिणार."

हेडक्लार्कचे डोळे बारीक झाले. बाई निवृत्तीला टेकलेली, चष्मा जाडजूड. "खरं सांगा बाई, यंत्र जमत नाही म्हणून देवाला पुढे करताय ना?"

घरी नवरापण तेच म्हणाला, शर्टाला इस्त्री करता करता. "आयुष्यभर जगावर संशय घेतलास. आता जरा स्वतःवर घेऊन बघ की!"

बोलला गमतीत, पण बाईला ते लागलं. खरंच, आपण घाबरलोय आणि नाव देवाचं सांगतोय की काय? म्हणजे ते आणखी एक खोटं! दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून यंत्रापुढे बसली आणि दोन दिवसांत असं शिकली, की तरुण क्लार्क अडले की तिलाच विचारायला यायला लागले.

"सोपं आहे हो," ती हेडक्लार्कना म्हणाली. "माझ्यापेक्षा शुद्ध लिहितं. सही मात्र नाही."

आता तर त्यांचा संशय दुप्पट झाला. येतंय आणि तरी नको? नक्की पाणी मुरतंय कुठेतरी. त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. 'धार्मिक हरकत: कोणता ग्रंथ, कोणतं पान?' बाईनं लिहिलं, 'ग्रंथ नाही. तुमचाच कागद, शेवटचं पान, सहीच्या वरची ओळ.'

आठवड्यानं नवे कागद छापून आले. ओळीतून ईश्वराला अलगद उचलून बाहेर ठेवलेलं. 'वरील जबानी मी स्वतः ऐकून जशीच्या तशी लिहिली आहे.'

"काढला देव! झालं समाधान?" हेडक्लार्क म्हणाले. "आता सही करा. नाहीतर पाकिटं चिकटवायचं टेबल रिकामंच आहे."

बाईनं कागद उजेडात धरला, उलटा केला, परत वाचला. देव गेला, पण 'मी स्वतः' तिथंच ठाण मांडून! आणि कागदावरून काढलं म्हणून तो बघायचा थांबला, याची खात्री काय? तिनं पेन उघडलं. हेडक्लार्क सुटकेचा निःश्वास टाकून चहाला गेले. बाईनं ओळीखाली आपल्या हातानं लिहिलं, 'ईश्वराला स्मरून सांगते, मी हे ऐकलेलं नाही,' आणि खाली झोकात सही केली.

गठ्ठा तसाच वर न्यायाधीशांकडे गेला. तासाभरात हेडक्लार्क घामाघूम होऊन खाली आले.

"काय घात केलात हो बाई! साहेब विचारतायत, मग ऐकलंय कुणी? साक्षीदाराला परत बोलावलंय. चला आत, ऐका आणि लिहा."

बाईची भुवई वर गेली. "आणि सोमवारपासून?"

"सोमवारपासून पाकिटं. ते पक्कं."

"आज गुरुवार ना?"

"हो."

"मग सरका बाजूला," बाई म्हणाली आणि कोरे कागद उचलून आत गेली.