फोटोबाहेरचं पाकीट

हिवाळा सरत आला की मी एकदा तरी शिवडीच्या जेट्टीवर फ्लेमिंगो बघायला जाते. भरती चढू लागली की चिखलातला तो गुलाबी पट्टा हळूहळू किनाऱ्याकडे सरकतो आणि दुर्बिणी घेऊन आलेली माणसं आपोआप गप्प होतात.

गेल्या खेपेला शेजारी एक जोडपं उभं होतं. ऊन लागू नये म्हणून बाईंनी कपाळावर एक्स-रेचं मोठं पाकीट धरलं होतं. त्यावरचं कॅन्सर हॉस्पिटलचं नाव माझ्या ओळखीचं. नवऱ्याने मोबाइल पुढे केला.

"ताई, आमचा एक फोटो काढता? पाकीट तेवढं येऊ देऊ नका. तपासणी झाली, रिपोर्ट उद्या मिळणार. गावी आईला सांगितलंय, मुंबई बघायला चाललोय म्हणून."

मी पाकीट काखेत धरलं. मुंबईत काय काय बघावं याच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. पण तपासणी झालीय आणि रिपोर्ट उद्या मिळणार आहे, अशा मधल्या रिकाम्या दिवशी काय बघावं, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

"दर वर्षी येतात का हे पक्षी?" बाईंनी विचारलं.

"येतात. पावसाच्या आधी जातात."

जातात म्हटलं आणि तो शब्द गिळून टाकावासा वाटला.

फोटोत बाई पदर सावरून हसत होत्या, मागे सगळं गुलाबी. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"अगदी फिरायला आल्यासारखी दिसतेय मी."

नवऱ्याने तो फोटो लगेच घरी पाठवला. मग बाईंनी पाकिटासाठी हात पुढे केला, आणि ते द्यायला माझा हात काही पुढे होईना.